शृंगयुक्त कवटी, शिकारीतील
शृंगयुक्त कवटी, शिकारीतील : शिकार केलेल्या सशृंग प्राण्याची त्वचा, मांस, मेंदू इ. सर्व मृदू भाग काढून टाकून, विरंजनाने पांढरी केलेली कवटी शिंगांसह लाकडी फळीवर किंवा भिंतीवर बसविण्याची पद्धत. ही पद्धत प्रथम मध्य यूरोपात रूढ झाली, म्हणून तिला ‘यूरोपीय मांडणी’ असे म्हणतात. चर्मपूरणात प्राण्याचे कातडे कमावून ते कृत्रिम साच्यावर चढवितात व काचेचे डोळे बसवून जिवंतपणाचा आभास निर्माण करतात [⟶ चर्मपूरण]. यूरोपीय मांडणीत असा आभास निर्माण करण्याचा हेतू नसतो. कवटीचे अस्थिरूप हेच तिचे वैशिष्ट्य होय. या पद्धतीस खर्च कमी लागतो, कीड लागण्याचा संभव कमी असतो आणि प्राण्याचे वय, दात, शिंगांची वाढ इ. गोष्टी उघड दिसत असल्यामुळे प्राणिशास्त्रीय अभ्यासालाही ती सोयीची असते. तथापि पोकळ शिंगांच्या प्राण्यांच्या बाबतीत कवटी साफ करण्यापूर्वी शिंगाचे बाह्य आवरण आतील अस्थीपासून अलग करणे अत्यावश्यक असते. हे काम घाईने किंवा अज्ञानाने केल्यास शिंग आणि कवटी या दोहोंची कायमची हानी होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

शिंगांची रचना : सामान्य व्यवहारात ‘शिंग’ हा शब्द दोन अगदी भिन्न रचनांसाठी वापरला जातो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा, गवा इ. बोव्हिडी कुलातील प्राण्यांची शिंगे पोकळ असतात. कवटीच्या ललाटास्थीपासून निघालेला हाडाचा गाभा आणि त्यावर टोपीसारखे बसलेले केराटिनाचे आवरण असे त्यांचे दोन घटक असतात. केराटीन हे नखे, खूर व केस यांतही आढळणारे प्रथिन आहे. गाभा व आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिन्या व तंत्रिका यांनी युक्त असा त्वचेचा पातळ थर असतो. या थरावरील पेशींपासून आवरणाची वाढ होते. नवे केराटीन बुडाकडे व आतील बाजूने तयार होत असल्यामुळे शिंगाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग असतो. एकात एक बसविलेल्या शंकूंसारखी ही रचना असून ती आयुष्यभर वाढत राहते. ही शिंगे गळून पडत नाहीत व त्यांना फाटे फुटत नाहीत. गुरे, मेंढ्या इ. प्राण्यांत ललाटास्थीतील वायुकोटरे गाभ्यातही शिरलेली असतात, त्यामुळे गाभा आतून पोकळ व ठिसूळ असतो.

सांबर, चितळ, बारशिंगा, यूरोपातील तांबडे हरिण इ. सर्व्हिडी कुलातील प्राण्यांची मृगशृंगे संपूर्णपणे हाडांची असतात. ती ललाटास्थीवरील लहान खुंटांवर दरवर्षी नव्याने उगवतात. वाढीच्या काळात त्यांवर मखमलीसारखी त्वचा असते. वाढ पूर्ण झाल्यावर ती वाळून निघून जाते आणि प्रजननकाळानंतर शृंगे गळून पडतात. त्यांवर केराटिनाचे आवरण नसल्यामुळे यूरोपीय मांडणीत ती कवटीपासून अलग करण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. साफसफाईच्या वेळी त्यांचा रंग उतरू नये एवढीच काळजी घ्यावी लागते. ही दोन प्रकारच्या शिंगांमधील भिन्नता लक्षात न घेतल्यामुळे नवशिक्याच्या हातून अनेकदा चुका होतात. हरणाच्या कवटीसाठी योग्य असलेली रीत मेंढा किंवा कुरंग यांच्या कवटीस जशीच्या तशी लावल्यास शिंगांच्या आत कुजका पदार्थ कोंडून राहतो.

या दोहोंहून निराळे असे दोन प्रकार उल्लेखनीय आहेत. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्राँगहॉर्न (अँटिलोकॅप्रा अमेरिकाना) या प्राण्याच्या शिंगात हाडाचा चपटा गाभा व त्यावर केराटिनाचे आवरण असते. परंतु हे आवरण दुभागलेले असून ते दरवर्षी गळून पडते आणि गाभा तसाच राहतो. गेंड्याच्या शिंगात हाडाचा गाभाच नसतो. ते केराटिनाच्या तंतूंचे भरीव पिंड असून नासास्थीवरील खडबडीत भागावर त्वचेच्या आधाराने बसलेले असते.

इतिहास : शिकारीची आठवण म्हणून प्राण्यांची शिंगे व कवट्या जतन करण्याची प्रथा प्राचीन आहे, परंतु कवट्यांचे पद्धतशीर संग्रह मध्य यूरोपातील राजेरजवाडे व सरदार यांच्या मृगयागृहांतून वाढले. जर्मनीतील ड्रेझ्डेनजवळच्या मॉरिट्सबुर्ख प्रासादातील तांबड्या हरणांच्या शृंगांचा संग्रह विख्यात आहे. त्यात ब्रांडेनबुर्खच्या इलेक्टरने १६९६ मध्ये मारलेल्या हरणाची ६६ टोकांची विलक्षण शृंगे असून ती पुढे सॅक्सनीच्या इलेक्टरला भेट म्हणून मिळाली. बोहीमियातील (सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील) कॉनॉपिश्ट्ये प्रासादात आर्चड्यूक फ्रान्ट्स फेर्डिनांट याने जमविलेल्या शिकारचिन्हांचा प्रचंड संग्रह आहे. या आर्चड्यूकने १८९३ मध्ये भारतातही शिकार केली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंगांच्या मोजमापाला पद्धतशीर रूप आले. लंडनमधील चर्मपूरक रोलंड वॉर्ड (१८४८–१९१२) याने १८९२ मध्ये जगातील शिकारी प्राण्यांच्या शिंगांच्या मापांची सूची प्रसिद्ध केली. अमेरिकेत थीओडोर रूझवेल्ट व जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९३२ मध्ये आपले पहिले नोंदपुस्तक प्रसिद्ध केले आणि १९५० मध्ये गुणांकनाची पद्धत निश्चित केली. व्हिएन्ना (१९१०), बर्लिन (१९३७) व बूडापेस्ट (१९७१) येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मृगया प्रदर्शनांत शृंगयुक्त कवट्यांना प्रमुख स्थान होते. जर्मन भाषक प्रदेशांतील अनेक भागांत वर्षभरात मारलेल्या हरणांच्या कवट्या व खालचे जबडे वार्षिक प्रदर्शनात मांडण्याची प्रथा आहे. त्यांवरून कोणत्या वयाचे किती प्राणी मारले गेले, हे तपासता येते. कवटी ही केवळ शोभेची वस्तू नसून हिशोबाचा पुरावाही आहे, अशी त्यामागील दृष्टी आहे.

आवरण अलग करण्याची आवश्यकता : मृत्यूनंतर गाभा व आवरण यांमधील त्वचेचा थर कुजू लागतो. आवरण तसेच ठेवून कवटी उकळल्यास हा थर अर्धवट शिजतो, पण आतच राहतो. कालांतराने त्यास दुर्गंधी येते, मेदयुक्त द्रव बुडाशी पाझरून कवटीवर पिवळे डाग पडतात आणि चर्मभक्षक भुंगेरे व त्यांच्या अळ्या तेथे घर करतात. दुसरे असे, की उकळत्या पाण्यात केराटीन मऊ पडते. कंगवे, डब्या इ. वस्तू बनविणारे कारागीर शिंगाच्या याच गुणाचा उपयोग करून त्याला हवा तो आकार देतात. परंतु कवटीच्या बाबतीत हाच गुण घातक ठरतो. आवरणाचे पापुद्रे सुटतात, त्यावरील नैसर्गिक चमक जाते आणि वाळताना त्यास भेगा पडतात. तिसरे कारण विरंजनाचे. कवटी पांढरी करण्यासाठी वापरण्यात येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड शिंगाला लागल्यास त्याचा काळा वा तपकिरी रंग फिका पडतो. आवरण आधीच काढून ठेवल्यास हे तीनही धोके टळतात.

प्रक्रिया : (१) पूर्वतयारी : प्रथम शिंगाच्या बुडाभोवती त्वचा कापून ती सोलून काढतात. चाकूचे पाते आवरणाच्या कडेवर न घासता हाडाच्या बाजूस ठेवावे लागते. कारण आवरणाची बुडाकडील कड ताजी असताना मऊ असते आणि तेथे पडलेली खाच पुढे भेग बनते. खालचा जबडा, डोळे, जीभ व मोठे स्नायू काढून, कवटीच्या मागील महारंध्रातून मेंदू बाहेर काढतात. आवरणे काढण्यापूर्वी उजवे व डावे शिंग ओळखता यावे म्हणून खूण करतात आणि आवरणाच्या बुडाची कवटीशी असलेली जुळणी छायाचित्राने किंवा पेन्सिलीच्या रेघेने नोंदवून ठेवतात. पुन्हा बसविताना शिंग थोडे जरी फिरले, तरी मुद्रा विकृत दिसते.

(२) आवरण सैल करणे : यासाठी तीन रीती प्रचलित आहेत. पहिली पाण्यात कुजविण्याची. कवटी शिंगांच्या बुडापर्यंत किंवा त्याहून किंचित वर साध्या पाण्यात बुडवून ठेवतात. सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने मधला थर विरघळतो. पाणी सु. ३०° ते ३५° से. तापमानास ठेवल्यास ही क्रिया काही दिवसांत, तर थंड हवेत दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. ही रीत संथ व दुर्गंधीकारक असली, तरी हाड व शिंग या दोहोंनाही ती सर्वांत कमी अपाय करते. म्हणून संग्रहालयांत तिला प्राधान्य दिले जाते. यूरोपातील शिंगकाम करणारे कारागीरही कच्च्या मालातील गाभा काढण्यासाठी शिंगे कित्येक आठवडे पाण्यात भिजत ठेवीत.

दुसरी रीत वाफेची किंवा मंद उष्णतेची. कवटी पाण्यात ठेवून पाणी उकळी फुटू न देता तापवितात. शिंगे पाण्याबाहेर राहतील व फक्त त्यांच्या बुडास ऊब लागेल अशी व्यवस्था करतात. अर्ध्या तासाच्या सुमारास आवरण हलते का, हे पाहतात व न हलल्यास थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. प्राँगहॉर्नसारख्या प्राण्यात आवरण मुळातच सैल होण्याच्या स्वभावाचे असल्यामुळे ते लवकर निघते. आवरण गळण्याच्या सुमारास मारलेल्या नरात ते केवळ हाताने ओढूनही सुटते. जाड शिंगांच्या मेंढ्यात मात्र बराच वेळ लागतो.

तिसऱ्या रीतीत शिंगे ओलसर ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बुडाशी घट्ट बांधतात आणि उबदार जागी ठेवतात. आतील ओलावा कोंडल्यामुळे मधला थर काही दिवसांत कुजून आवरण सुटते. पिशवी फार दिवस तशीच ठेवल्यास आवरणाच्या आतील पापुद्रे कुजू लागतात, म्हणून रोज पाहणी करावी लागते.

(३) आवरण उतरविणे : शिंग बुडाजवळ दोन्ही हातांनी धरून किंचित पुढे-मागे फिरवितात व हळूहळू वर ओढतात. टोकाला धरून ओढल्यास किंवा तरफेसारखा जोर दिल्यास गाभा कवटीजवळ मोडतो. आवरण न सुटल्यास बुडाच्या कडेखाली लाकडी ठोकळा धरून लाकडी किंवा रबरी हातोड्याने हलके ठोके देतात. लोखंडी पकड वापरीत नाहीत. काळवीट, कुडू, मारखोर इत्यादींची शिंगे पिळदार असून त्यांचा गाभाही पिळाला अनुसरूनच असतो. म्हणून त्यांची आवरणे सरळ न ओढता, पेच सोडवावा तशी पिळाच्या दिशेने फिरवून काढतात. एका आवरणाला यश न आल्यास कवटी पुन्हा भिजत घालणे श्रेयस्कर असते. या टप्प्यावर बळाचा वापर करणे, हे बहुतेक सर्व मोडतोडीचे कारण असते.

(४) गाभा व आवरण यांची स्वच्छता : उघड्या पडलेल्या गाभ्यावरील त्वचेचा थर बोथट पात्याने खरवडून काढतात. गाभ्यात वायुकोटरे असल्यास आतील द्रव निघून जावा म्हणून गाभ्याचे टोक करवतीने कापतात किंवा त्यास बारीक छिद्र पाडतात. मोठ्या रानमेंढ्यांच्या बाबतीत गाभ्याचा वरचा बराच भाग कापून केवळ आवरणाला आधार देईल एवढाच बुंधा ठेवतात. आवरणाची आतील बाजू पाण्याने व ब्रशाने धुऊन तीवर टाकणखाराची पूड भुरभुरतात आणि आवरण सावलीत, हवेशीर जागी वाळवितात. उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळविल्यास बुडाची कड आक्रसते व मग ते गाभ्यावर बसत नाही.

(५) कवटीची स्वच्छता व विरंजन : उरलेले मांस मंद आचेवर शिजवून, पाण्यात कुजवून किंवा डर्मेस्टिस वंशाच्या भुंगेऱ्यांकरवी खाववून काढता येते. भुंगेरे शिंगाचे केराटीनही कुरतडीत असल्यामुळे आवरणे त्यांच्यापासून दूर ठेवावी लागतात. फार वेळ उकळल्यास नासास्थी सुटतात, दात गळतात आणि कोवळ्या प्राण्यांत कवटीच्या संधिरेषा उघडतात. त्यानंतर मेद काढण्यासाठी कवटी भांडी घासण्याच्या साबणद्रवाच्या कोमट पाण्यात ठेवतात व पाणी गढूळ व्हावयाचे थांबेपर्यंत ते बदलत राहतात. या कामास आठवडे लागतात. परंतु मेद राहिलेली कवटी कितीही पांढरी केली, तरी काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते.

विरंजनासाठी ३ ते १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा विद्राव वापरतात. मध्य यूरोपात त्याहून तीव्र विद्राव खडूच्या पुडीत कालवून त्याचा लेप देण्याची पद्धत आहे. त्या विद्रावाने त्वचा भाजते व डोळ्यांस इजा होते, म्हणून रबरी हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक असते. क्लोरीनयुक्त विरंजक द्रव वापरणे ही एक सर्वसामान्य चूक आहे. त्यामुळे कवटी प्रथम पांढरीशुभ्र दिसते. परंतु हाडातील प्रथिनाचा नाश होऊन कालांतराने तिचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. ही हानी दुरुस्त करता येत नाही.

(६) पुनर्जोडणी : कवटी व आवरणे पूर्ण वाळल्यावर प्रथम काहीही न लावता ती जुळवून पाहतात. नोंदलेल्या खुणांप्रमाणे जुळणी झाल्यावर गाभ्यावर थोडे एपॉक्सी रेझीन, प्लॅस्टर ऑफ पॅरिस किंवा अन्य भरणद्रव्य लावून आवरण बसवितात. संग्रहालयांतील नमुन्यांवर शक्यतो चिकटद्रव्य वापरीत नाहीत. कारण गाभ्याचा अभ्यास करण्यासाठी आवरण पुढे केव्हाही काढता यावे, अशी अपेक्षा असते. केराटीन वाळताना आक्रसत असल्यामुळे माप घेण्यास घाई करीत नाहीत. बून अँड क्रॉकेट क्लबच्या नियमांनुसार अधिकृत मोजमापापूर्वी शिंगे किमान ६० दिवस सामान्य तापमानात वाळलेली असावी लागतात. कवटी उकळलेली असल्यास ही मुदत त्यानंतर मोजतात.

काही विशेष उदाहरणे : आल्प्स पर्वतातील शॅमॉय (रूपीकाप्रा रूपीकाप्रा) या प्राण्यात नर व मादी या दोघांनाही मागे आकड्यासारखी वळलेली काळी शिंगे असतात. हिवाळ्यात वाढ मंदावल्यामुळे आवरणावर वार्षिक वलये उमटतात व ती मोजून प्राण्याचे वय ठरविता येते. पहिल्या तीन-चार वर्षांत शिंगाची बहुतेक वाढ होते, पुढची वलये मात्र अगदी जवळजवळ असतात. कवटी शिजविल्यावर आवरणे काढून गाभे साफ करणे व ती पुन्हा बसविणे ही आल्प्समधील नेहमीची रीत आहे. आवरणाची बुडाकडील कड तुटल्यास शेवटची वलये नष्ट होतात आणि वयाचा पुरावाही त्याबरोबर जातो.

उत्तर अमेरिकेतील मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याची शिंगे सु. १४ किग्रॅ.पर्यंत भरतात. पश्चिमेकडील अनेक राज्यांत व प्रांतांत मारलेल्या मेंढ्याचे शिंग अधिकाऱ्यास दाखवून त्यात क्रमांक असलेली धातूची गुटिका बसवून घ्यावी लागते. साफसफाईत ती काढून टाकल्यास कायदेशीरपणाचा पुरावाच नाहीसा होतो. आफ्रिकेतील मोठ्या कुडूच्या नराची मळसूत्राकार शिंगे वक्रतेबरोबर मोजल्यास दीड मीटरपेक्षाही लांब भरू शकतात. आफ्रिकेत रानात पडून राहिलेल्या शिंगांवर सेरॅटोफॅगा व्हास्टेला या पतंगाच्या अळ्या केराटीन खाऊन जगतात आणि शिंगातून बाहेर आलेल्या नळ्यांच्या रूपाने त्यांची घरे दिसतात. नीट न वाळविलेली शिंगे टिकत नाहीत, याचे हे निसर्गातील उदाहरण होय.

भारतातील काळवीट १९०६ च्या सुमारास अर्जेंटिनात व १९३२ मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्यात नेण्यात आला. भारतात त्याची शिकार पूर्णतः निषिद्ध असली, तरी टेक्ससमधील खाजगी कुरणांत ती कायदेशीर असून काळविटाच्या कवट्या तेथे वरील पद्धतीनेच तयार केल्या जातात. हिमालयातील ताहर हा रानबोकड १९०४ मध्ये न्यूझीलंडमध्ये सोडण्यात आला. तेथेही त्याची शिकार होते.

आरोग्यविषयक दक्षता : मृत प्राण्याच्या कवटीवर काम करताना संसर्गाचा धोका असतो. सांसर्गिक काळपुळीचे बीजाणू कातडी, केस व हाडे यांत दीर्घकाळ जिवंत राहतात. म्हणून रोगाने मेलेल्या किंवा अज्ञात कारणाने मेलेल्या प्राण्याची कवटी साफ करणे टाळतात. हरणांमधील दीर्घकालीन क्षयकारी रोग प्रथम १९६७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बंदिस्त हरणांत लक्षात आला व २०१६ मध्ये नॉर्वेतील रानटी रेनडियरमध्ये आढळला. त्यास कारणीभूत असलेले प्रायॉन हे विकृत प्रथिन मेंदू व मेरुरज्जू यांत विशेषेकरून साठते आणि साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. या कारणास्तव अमेरिकेतील अनेक राज्यांत मेंदू व मृदू ऊतके पूर्णपणे काढलेली कवटीच सीमेपार नेण्यास परवानगी असते. कवटीची स्वच्छता हा त्यामुळे केवळ सौंदर्याचा प्रश्न राहिलेला नाही. जुन्या संग्रहांतील कातडी व शिंगे हाताळताना निराळी दक्षता घ्यावी लागते. कारण अठराव्या शतकात फ्रान्समधील बेकॉर याने प्रचारात आणलेला आर्सेनिकयुक्त साबण विसाव्या शतकापर्यंत सर्रास वापरला जात असे.

कायदा व नीती : वन्य प्राणी व वनस्पती यांच्या व्यापाराचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे संमत होऊन १९७५ मध्ये अंमलात आला व १९७६ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. भारतातील वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारचिन्ह या संज्ञेत वन्य प्राण्याचे जतन केलेले संपूर्ण शरीर किंवा शिंग, हाड, कातडे इ. कोणताही अवयव येतो. १९९१ च्या सुधारणेने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर व्यापक बंदी आली. २००३ मध्ये जुना साठा जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची संधी देण्यात आली होती. २०२२ च्या सुधारणेने अशा वस्तू स्वेच्छेने शासनाकडे सुपूर्द करण्याची तरतूद केली. त्यांचा मोबदला मिळत नाही व त्या शासनाच्या मालकीच्या होतात.

महाराष्ट्रातही जुने वाडे, संस्थानिकांचे राजवाडे व संग्रहालये यांत शिंगे व मुखवटे आढळतात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मुंबईची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिने जतन केलेले प्राण्यांचे नमुने आजही संशोधनास उपयोगी पडतात. कारण त्यांबरोबर स्थळ व काळ यांची नोंद आहे. याउलट एखाद्या घरात पिढ्यानपिढ्या भिंतीवर टांगलेल्या काळविटाच्या शिंगांविषयी कोणतीच नोंद नसते. अशी शिंगे मालकी प्रमाणपत्राशिवाय बाळगणे व त्यांची विक्री करणे यांमुळे कायदेशीर अडचण उद्‌भवू शकते. ती फेकून किंवा जाळून टाकण्याऐवजी वन विभागाशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग होय.

शिंगाच्या मूल्यामुळे संग्रहालयांनाही धोका निर्माण झाला आहे. २०११ च्या सुमारास यूरोपातील अनेक संग्रहालयांतून गेंड्यांची शिंगे चोरीस गेली. इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून त्या वर्षी चोरट्यांनी नेलेली शिंगे मात्र प्रतिकृती होती. मूळ शिंगे आधीच काढून सुरक्षित ठेवलेली होती. शिंग कवटीपासून अलग करण्याचे जे कौशल्य एकेकाळी शिकारीच्या प्रतिष्ठेसाठी विकसित झाले, तेच येथे जतनाच्या कामी आले.

मृगयेच्या समर्थकांच्या मते नियंत्रित शिकारीतून मिळणारे उत्पन्न अधिवासाच्या रक्षणासाठी वापरता येते. विरोधकांच्या मते स्मृतिचिन्हासाठी प्राणी मारणे समर्थनीय नाही आणि सर्वांत मोठ्या शिंगांचे नर वेचून मारल्याने संततीतील शिंगांचा आकार घटू शकतो. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातील रानमेंढ्यांच्या दीर्घकालीन निरीक्षणांवरून या शेवटच्या मुद्द्याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. अशा अभ्यासाला लागणारी मापे जतन केलेल्या शिंगांवरूनच मिळतात. म्हणून कोणत्याही कारणाने तयार झालेली कवटी असो, तिचे आवरण, गाभा, दात आणि त्यांबरोबरची नोंद अभंग राखणे याला मांडणीच्या सौंदर्याहून अधिक महत्त्व आहे.